पाळणाघरातले परळचे डास

तात्या,

तुम्ही गेलात त्याला आज तेवीस दिवस झाले. भोईवाड्याच्या स्मशानापर्यंत मी तुमच्या मागून चालत आले होते. आपल्या संस्थेतली सात-आठ माणसं होती, त्यांच्यात सगळ्यात मागे मी. ही रडतेय कारण तात्यांनी हिला हाताला धरून काम शिकवलं, असं लोकांना वाटलं असणार. तेही खरंच आहे. पण मी रडत होते ते वेगळ्याच कारणाने. तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. ती मला तीन महिने माहीत होती, आणि परळ ते नायगाव एवढंच अंतर असून मी ती तुम्हाला सांगितली नव्हती.

म्हणून आता लिहितेय. तुम्ही हे वाचणार नाही, हे मला कळतं. मी बौद्ध घरातली, आत्मा वगैरे मानत नाही. तुम्ही कुठून तरी ऐकत असाल, असं मनाला समजावायची सोयसुद्धा मला नाही. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगून काही उपयोग नाही.

आपली पहिली भेट आठवते? मी इन्सेक्टरीच्या दारात उभी, नवीन एप्रन, हातात वही. बाकीचे विद्यार्थी एकमेकांशी फाडफाड इंग्रजीत बोलत होते आणि मी भिंतीवरचं तापमान टिपून घेतल्यासारखं करत होते. तुम्ही आतून ओरडलात, "दार लाव गो, लेकी बाहेर जातील!" मला वाटलं आत खरंच कुणाच्या मुली आहेत. आत जाळीचे पिंजरे होते आणि पिंजऱ्यांत पायांवर पांढरे पट्टे असलेले डास. डेंग्यूवाले. सगळे त्या खोलीला इन्सेक्टरी म्हणायचे, तुम्ही पाळणाघर. माद्या म्हणजे लेकी, नर म्हणजे जावई. "जावयांना भिजवलेल्या मनुका लागतात," तुम्ही सांगितलंत. "मनुका खातात आणि जाळीला टेकून बसतात. बाकी काम शून्य."

तुम्ही विचारलंत कुठची, मी म्हटलं नायगावची, बीडीडी चाळ. बाबा काय करतात? हिंदमात्याला साडीच्या दुकानात घड्या घालतात. आणि मग मीच, कुणी न विचारता, मान ताठ करून सांगितलं, "आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली."

"अरे वा. म्हणजे घरात सगळ्यात शहाणी तू," तुम्ही म्हणालात. "इथे नाही हां. इथे सगळ्यात शहाणी ही." जाळीवर बसलेल्या एका मादीकडे बोट दाखवलंत. "डोकं बघ केवढंसं. अख्ख्या मुंबईला पुरून उरलीय."

तोंडात नळी धरून एकेक डास अलगद ओढून घ्यायला तुम्हीच शिकवलंत. "ओढ, पण गिळू नको. गिळलीस तर दुपारचा डबा मला." त्या दिवसापासून मी तुमची बाय झाले. काय गो बाय, जेवलंस? बाय, पाणी बदललंस? मोठमोठी डिग्री असलेल्या लोकांत मला माझ्या नावाने हाक मारणारेसुद्धा तेव्हा कमी होते. तुम्ही थेट घरातली हाक दिलीत.

ते डास कुठून आले, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर नुसतं 'परळ' लिहिलेलं असायचं. मला वाटायचं संस्थेच्या आवारातले असतील. ते तुमच्या चाळीतले होते. चाळ टॉवरसाठी रिकामी होत होती, बिऱ्हाडं ट्रांझिट कॅम्पात चालली होती. लोक फोटोच्या फ्रेमा उतरवत होते, देव्हारे उतरवत होते, आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या पाण्याच्या पिंपात आतून कडेकडेने पांढरा कागद लावून बसला होतात. दोन दिवसांनी कागदावर काळे ठिपके. खसखस सांडल्यासारखी अंडी. तो कागद तुम्ही शर्टाच्या खिशात घालून संस्थेत आणलात. त्या एका कागदापासून अठरा वर्षं, दोनशेच्या वर पिढ्या. चाळ गेली, पिंप गेलं, तिथे काचेची बिल्डिंग आली. त्या चाळीत राहिलेल्यांपैकी एकाच घराण्याला परळमध्ये भाडं न भरता जागा मिळाली, असं तुम्ही म्हणायचात आणि स्वतःच हसायचात.

माझा विषय तुम्हाला समजावून सांगायला मला एक अख्खी दुपार लागली होती. तुम्ही अंड्यांचे कागद कापत होतात आणि मी बोलत होते. पेशीत डीएनए असतो, त्याची नक्कल होऊन निरोप निघतो, तो आरएनए. त्या निरोपावरून प्रथिनं बनतात. पण काही आरएनए अगदी छोटे असतात, वीस-पंचवीस अक्षरांचे. ते काहीच बनवत नाहीत. ते नुसते दुसऱ्याचा निरोप दाबतात.

"दाबतात म्हणजे? गळा?"

"मॅचिंग सेंटर माहितेय ना तात्या, हिंदमात्याचं? बायका साडीचा काठ कापून नेतात आणि त्याला जुळणारं ब्लाऊजपीस शोधतात. तसं. पेशीत एक कात्रीवालं प्रथिन असतं. ते हा छोटा तुकडा हातात धरून फिरतं. ज्या निरोपाशी तो जुळला, त्यावर कात्री."

तुम्ही हातातली कात्री बघितलीत. "म्हणजे नमुना धरून गिऱ्हाईक शोधतो आणि मिळालं की कापतो. भलताच दुकानदार."

डासाच्या अंगात डेंग्यूचा विषाणू शिरला तरी डास का मरत नाही, आपणच का मरतो, याचं अर्धं उत्तर या कात्रीत आहे, हे तुम्हाला फार आवडलं होतं. विषाणूचा निरोप डासाच्या पेशीत फिरायला लागला की पेशी त्याचेच एकवीस-एकवीस अक्षरांचे तुकडे पाडते आणि तेच तुकडे नमुना म्हणून कात्रीला देते. विषाणू संपत नाही, पण माजतही नाही. डास आपला आरामात उडत राहतो.

माझं मूळ काम वेगळं होतं. मादी रक्त प्यायली की तिच्या अंगात एक छोटा आरएनए वाढतो. तो अडवला की अंडी पिकत नाहीत. माझी यंत्रं हे सांगायच्या आधी तुम्ही सांगायचात. तिसऱ्या दिवशी जाळीतून नुसतं बघून म्हणायचात, "ह्या चार आज घालणार नाहीत. पोट बघ, पिवळसर आहे." आणि त्या चार घालायच्या नाहीत. माझ्या प्रबंधातला तो सगळा भाग तुमच्या डोळ्यांवर उभा आहे. आभाराच्या पानावर तुमचं नाव मी बाराव्या ओळीत टाकलं होतं, 'तांत्रिक सहकार्य' म्हणून.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी लिहायला बसले.

मी परळच्या डासांमधले सगळे छोटे आरएनए वाचून घ्यायला बाहेर पाठवले. तिकडून तक्ता आला. त्यात हजारो तुकडे एका विषाणूशी जुळत होते. माणसाला काही न करणारा, फक्त डासांत राहणारा विषाणू. मी तो तक्ता बघितला आणि लगेच वही ओढली. आनंदानेच. मला काहीतरी सापडलं होतं. आपली डासांची वसाहत वर्षानुवर्षं छुपी आजारी आहे आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही! तसं असेल तर डेंग्यूचे जेवढे प्रयोग या डासांवर झाले, त्या सगळ्यांवर प्रश्न. मी चार पानी अहवाल लिहिला. शेवटची ओळ: ही वसाहत नष्ट करावी.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना द्यायच्या आधी मी तो तुम्हाला वाचून दाखवला. चांगुलपणा म्हणून नाही, तात्या. मला शाबासकी हवी होती.

तुम्ही मनुका निवडत होतात. ऐकून घेतलंत. मग उठून पिंजऱ्याजवळ गेलात, वाकून बघितलंत, आणि म्हणालात, "माका एक सांग. ही तुका आजारी दिसतत काय?" मालवणी बाहेर आली की तुम्ही चिडलात, हे मला माहीत होतं.

"दिसणार नाहीच तात्या. छुपं आहे."

"अंडी तेवढीच घालतात. अळ्या तेवढ्याच होतात. अठरा वर्षांत एक दिवस पिंजरा मेलेला नाही."

"कात्री चालू आहे म्हणून. तुकडे सापडलेत ना. विषाणू असल्याशिवाय त्याचे तुकडे कुठून येणार?"

तुम्ही म्हणालात, "गोवर होऊन गेलेल्या पोराच्या अंगात काहीतरी राहतंच ना? म्हणून काय पोर आजारी? ह्यांच्या कुठल्यातरी आजीला झालं असेल कधी."

"डासांना तसलं नसतं."

"बरं. ते तुकडे केवढे आहेत?"

"काय?"

"तूच म्हणालीस ना, विषाणू कापला की एकवीस-एकवीसचे पडतात. मग हे तुकडे केवढे आहेत? मोजलेस?"

मी मोजले नव्हते. तक्त्यात किती तुकडे जुळले तेवढंच होतं, लांबी नव्हती. लांबीची फाईल वेगळी होती आणि मी ती उघडली नव्हती. दहा मिनिटांचं काम होतं. पण नववी शिकलेल्या माणसाने मला, घरात कॉलेज शिकलेल्या पहिल्या मुलीला, तिच्याच विषयातला प्रश्न विचारला होता.

मी म्हटलं, "तात्या, तुमचं शिक्षण किती? हे असं जाळीतून बघून कळत नसतं."

तुम्ही म्हणालात, "नववी." मग मनुकांची वाटी उचललीत. "पण अठरा वर्षं बघतोय."

एवढंच. मी अहवाल घेऊन वर गेले.

पुढच्या सोमवारी दुपारी पिंजरे फ्रीझरमध्ये गेले. मॅडमनी दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं ठरवलं होतं, तुम्ही म्हणालात, मीच नेतो. एकेक पिंजरा दोन्ही हातांत धरून नेलात, न हिंदकळता, जसा रोज न्यायचात तसाच. मला ते सोपं जावं म्हणून मी म्हटलं, थंडीत लगेच झोपतात, त्यांना कळत नाही. तुम्ही म्हणालात, "हो, मॅडम."

मी मागे वळून बघितलं. मॅडम तिथे नव्हत्या. तुम्ही मला म्हणाला होतात.

नंतर सगळं वाफेच्या भट्टीत गेलं. माझे जुने नमुनेसुद्धा, कारण आदेशात 'सर्व साहित्य' असं लिहिलेलं होतं, आणि तो मसुदा माझाच होता. पाच महिन्यांनी तुम्ही निवृत्त झालात. त्या पाच महिन्यांत एकदाही बाय म्हणाला नाहीत. भांडला नाहीत, टोमणा मारला नाहीत. रिकामी खोली रोज पुसलीत. पाणी ठेवलं मॅडम. चावी इथे आहे मॅडम. तुम्ही माझ्यावर ओरडला असतात तर मी तरले असते.

तुम्ही जायच्या तीन महिने आधी प्रबंधासाठी एक आकृती हवी होती म्हणून मी ती दुसरी फाईल उघडली. लांबीची. संगणकाने पडद्यावर खांब उभे केले. एकवीसच्या जागी जवळजवळ काहीच नव्हतं, जमिनीलगत. आणि पुढे सत्तावीस, अठ्ठावीस, तिथे एकदम उंच.

मी फाईल बंद करून पुन्हा उघडली. खांब तेच.

तात्या, लांब तुकड्यांचा कारखानाच वेगळा असतो. डासाच्या स्वतःच्या गुणसूत्रांत जुन्या विषाणूंचे फाटके तुकडे शिवलेले असतात. कधीतरी, कुठल्यातरी पूर्वज मादीला तो विषाणू झाला, आणि त्याची चिंधी तिच्या डीएनएत राहून गेली. तिच्या लेकींना मिळाली, लेकींच्या लेकींना मिळाली. त्या चिंधीवरून हे लांबडे आरएनए बनतात, जास्त करून अंडाशयात, आणि आईकडून अंड्यात जातात. तो विषाणू पुन्हा आलाच, तर नमुना तयार असावा म्हणून. डासांना तसलं असतं. तुम्ही म्हणाला होतात ना, ह्यांच्या कुठल्यातरी आजीला झालं असेल कधी? अगदी तसंच. शब्दाला शब्द.

वसाहत आजारी नव्हती. बहुतेक कधीच नव्हती. तिला आठवत होतं, एवढंच. आणि मी तिला त्यासाठी मारलं.

त्या संध्याकाळी मी घरी बाबांना सांगितलं. ते जेवून पाय पसरून बसले होते. आयुष्यभर कापडात हात घातलेला माणूस, त्यांना काय कळणार म्हणून मी सोपं करून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "लांबी बघितली नव्हतीस?" मी नाही म्हटलं. मग मी तुम्हाला काय बोलले तेही सांगून टाकलं, का कोण जाणे. बाबा म्हणाले, "शिक्षण विचारलंस त्यांना?" आणि उठून आत गेले. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईकं त्यांना काय काय विचारतात, ते मला तेव्हा आठवलं. दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. बरोबरच होतं.

मग मी तुमच्याकडे का आले नाही? याचं उत्तर मला सजवून देता येत नाही. लाज होती, पण लाजेपेक्षा गर्व जास्त होता. प्रबंध जाईपर्यंत थांबू, असं म्हणाले. मग म्हटलं, पूर्ण खात्री करून जाऊ. खात्री करायला नमुनाच उरलेला नव्हता, हे मला माहीत होतं.

आणि तुम्ही भेटलात. परळला पुलाखाली, औषधाच्या दुकानापाशी. तुम्ही बारीक झाला होतात. हातात पिशवी.

"काय मॅडम, बरं चाललंय?"

"हो तात्या. तुम्ही?"

"आमचं काय. हृदयाला वीज कमी पडते म्हणतात. मीटर जुना झालाय." हसलात. मग थांबलात. मी काही बोलेन म्हणून थांबलात, ते मला आता कळतं. "काही विचारायचं होतं काय?"

माझ्या ओठांवर होतं. शपथेवर सांगते, होतं.

"नाही. असंच."

"विचारायचं असलं तर घरी ये," तुम्ही म्हणालात. "उशीर करू नको हां."

मला वाटलं, तुम्ही तुमच्या तब्येतीबद्दल बोलताय.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी तुमच्या चौदाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरी आले. काकींनी दार उघडलं. मला बसवलं, पाणी दिलं, आणि मी काही बोलायच्या आधी आत जाऊन मिठाईचा एक प्लास्टिकचा डबा घेऊन आल्या. त्यावर तुमच्या अक्षरात कागद चिकटवलेला होता: 'बायचं आहे. पाणी लावू नये.'

डब्यात कापसावर अंड्यांच्या कागदाच्या सहा पट्ट्या. प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलीने 'परळ' आणि तारीख. पिंजरे फ्रीझरमध्ये गेले त्याच्या आदल्या आठवड्याची.

"मी म्हटलं, हे काय आणलंय घरात," काकी म्हणाल्या. "म्हणाले, हात लावू नको. नियमात बसत नाही, म्हणून मी देऊ शकत नाही, तिनेच येऊन मागितलं पाहिजे. मी म्हटलं, नाही आली तर? तर म्हणाले, 'ती येतली. डोक्यान तापट आसा, पण खोटा बोलूची नाय.'"

मी डबा मांडीवर घेऊन बसले होते.

"गणपतीपर्यंत वाट बघत होते," काकी म्हणाल्या. "मग दिवाळीपर्यंत. मग म्हणाले, आता काही खरं नाही, पण ठेव."

सुकलेली अंडी किती काळ तग धरतात, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. सहा महिने बिनधास्त. आठ महिन्यांनी थोडी. वर्ष होत आलं की नशीब. माझ्यासमोर ते खांब उभे राहिले तेव्हा या पट्ट्या आठ महिन्यांच्या होत्या. त्या दिवशी उठून तुमच्याकडे आले असते तर थोडी तरी फुटली असती. पुलाखाली तोंड उघडलं असतं तरीसुद्धा, एखादी. त्या तीन महिन्यांत काय मेलं ते मोजायला मला कुठली फाईल उघडायला नको.

तुमच्या पद्धतीने केलं सगळं. पाणी उकळलं, झाकून थंड केलं, म्हणजे त्यात हवा राहत नाही. "दम कोंडला की बाहेर येतात," तुम्ही म्हणायचात. चिमूटभर यीस्ट. पट्ट्या बुडवल्या. परवानगी काढून, रिकाम्या पाळणाघरात, त्याच टेबलावर. दर तासाला बघत होते. दुसऱ्या दिवशी काही नाही. सुकवून पुन्हा बुडवल्या. काही नाही. तिसऱ्यांदा. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तेव्हा सगळी अंडी खचलेली, आतून बसलेली, जुन्या मनुकांसारखी. एक अळी नाही, तात्या. पाण्यात साधी हालचाल नाही. मी तरी पाच दिवस त्या बशीवर जाळी झाकून ठेवली, कुणी बाहेर उडेल म्हणून.

मग मी ती अंडी कुटली. ज्यांना जिवंत करायचं होतं, त्यांचाच लगदा केला, कारण मेलेल्या अंड्यांतूनही डीएनए निघतो. त्यात ती चिंधी शोधली. सापडली. गुणसूत्रातच शिवलेली, दोन्ही बाजूंना डासाचा स्वतःचा डीएनए. तुमचं म्हणणं सिद्ध झालं. ते सिद्ध करायला परळचं जे काही शिल्लक होतं, ते सगळं लागलं.

मॅडमना सांगितलं. त्या वाईट नाहीत. खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "अगं, आता वसाहतच नाही. कोण तपासणार? तुझ्या प्रबंधावर मात्र येईल." मी म्हटलं, येऊ दे. यात मोठेपणा काही नाही. मोठेपणा तीन महिन्यांपूर्वी लागत होता. जर्नलला पाठवायला दुरुस्तीचं पत्र मी लिहिलं आहे, त्यात तुमचं नाव पहिलं घातलं आहे. नावापुढे पात्रतेचा रकाना आहे. तिथे मी 'नववी' लिहिलं, आणि त्यापुढे 'अठरा वर्षं'. ते लोक कदाचित काढून टाकतील. पत्र छापलं गेलं तरी कोण वाचणार आहे? चार माणसं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या संस्थेकडून नवीन अंडी येतायत, चिठ्ठीवर दुसऱ्याच गावाचं नाव. खोली पुन्हा भरेल. परळ नाही भरणार.

सगळे म्हणतात, तू त्यांच्याकडून शिकलीस ते तुझ्यासोबत आहे. असेल. पोट पिवळसर दिसलं की मला कळतं, तोंडात नळी धरली तर माझ्याकडून एकही डास मरत नाही. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि हे तुम्ही असताना म्हणायचं होतं, बाराव्या ओळीत नाही. पण याने माझं काही हलकं होत नाही. मला तुमची माफी मागायची होती, आणि माफी द्यायला माणूस लागतो.

सहाव्या पट्टीचा एक तुकडा ठेवलाय मी. कुटला नाही, भिजवला नाही. त्यात काही नाही, हे मला माहीत आहे. डबा माझ्या टेबलावर आहे, कागद तसाच चिकटवलेला. साफसफाईला येणारी बाई परवा विचारत होती, ताई, हे फेकायचं का? मी म्हटलं, नको. ती म्हणाली, यात आहे काय? मी डबा जवळ ओढून घेतला.

तुम्ही एकदाच काहीतरी विचारलं होतंत मला. अठरा वर्षं नुसतं बघून ज्या माणसाला सगळं कळायचं, त्याने माझ्याकडून एक गोष्ट जाणून घ्यायला बघितली होती, आणि मी त्याला त्याचं शिक्षण विचारलं.

अठ्ठावीस, तात्या. सगळे अठ्ठावीसच्या आसपास होते. मी मोजले.